हरलेल्या माणसाबरोबर अकराशे किलोमीटर

अमेरिकेहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो नायगारा पाहिला का म्हणून विचारतो. नायगारा पाहिला नाही. पाहण्यासारखं दुसरं बरंच पाहिलं, आणि त्यातलं थोडं अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत खेळाचा शिक्षक होतो. शिकवली मुख्यतः कबड्डी. निवृत्तीनंतर पंच म्हणून जिल्हाभर हिंडतो. आमची दोन्ही मुलं अमेरिकेत, तीही एकमेकांपासून अकराशे किलोमीटरवर. अमोल शिकागोजवळ नेपरव्हिलला, मंजिरी आणि जावई जॉर्जियात अल्फारेटाला. २००८ची दिवाळी झाल्यावर मी आणि माझी बायको सुमन गेलो. आधी कुणाकडे, यावरून मुलांत रुसवेफुगवे नकोत म्हणून वाटणी करून टाकली. सुमन मुलीकडे, मी मुलाकडे. नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंग असतं, तेव्हा अमोल मला घेऊन अल्फारेटाला येणार आणि मग सगळे एकत्र राहणार, असं ठरलं होतं.

नेपरव्हिल

अमोलचं लग्न अजून व्हायचं आहे. तो सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. अंधार मात्र साडेचारलाच पडायचा. दिवसभर मी आणि ते मोठं, गरम हवा फुंकणारं घर. रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. पहिल्या आठवड्यात मी खिडकीतून खारी मोजल्या.

मग शेजारच्या अंगणात ग्रेग दिसला. चाळिशीचा, माझ्या दीडपट रुंद, मान जवळजवळ नाहीच. लांब दांड्याच्या दाताळ्याने पानं गोळा करत होता. अमोलने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, तो ऑस्ट्रेलियाचा आहे. खाणीच्या मशिनरीच्या कंपनीत असतो. पूर्वी तिकडे रग्बी लीग खेळायचा, प्रोफेशनल. तुम्ही कबड्डी कोच आहात हे मी त्याला सांगितलंय."

त्यामुळे ग्रेगने मला पहिल्या दिवसापासून 'कोच'च म्हटलं. त्याची बायको आणि मुली शाळेचं वर्ष संपेपर्यंत ऑस्ट्रेलियातच होत्या, त्यामुळे तोही माझ्यासारखाच बोलायला माणूस शोधत होता. माझं इंग्रजी शाळामास्तरचं, त्याचं नाकातलं. तरी जमलं, कारण विषय खेळाचा होता. त्याने पानांचे ढीग खेळाडूंसारखे मांडून मला रग्बी लीग शिकवली. एका बाजूला तेरा जण. चेंडू घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं. पडलेला माणूस उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुन्हा सुरू. सहाव्यांदा पकडलं की चेंडू समोरच्यांना द्यायचा. मला हे एकदम ओळखीचं वाटलं. मी त्याला ओल्या गवतावर घोट्याची पकड दाखवली. तो खाली बसला आणि इतका हसला की समोरच्या घरातल्या बाई दार उघडून बघायला आल्या.

त्या महिन्यात तिकडे ऑस्ट्रेलियात त्यांचा वर्ल्ड कप चालू होता. शनिवारी फायनल होती, न्यूझीलंडशी. ग्रेगला निकालाची काळजी नव्हती. "कोच, तीस वर्षांहून जास्त झाली, हा कप आमच्याकडेच आहे," तो म्हणाला होता. मला ती बेफिकिरी समजली. कबड्डीत आपण तशाच थाटात उतरतो.

शनिवारी तो दिसला नाही. रविवारीही नाही. सोमवारी कचऱ्याचा डबा रस्त्यावर आडवा पडून राहिला. अमोल म्हणाला, "हरले यार ते. सगळे शॉकमध्ये आहेत म्हणे. बाबा, तुम्ही जाऊ नका, त्याचा मूड नसेल."

अमोल कामावर गेल्यावर मी शिरा केला आणि वाडगा घेऊन गेलो.

ग्रेगने दार उघडलं. दाढी वाढलेली. शिरा त्याने उभ्या उभ्या चमच्याने संपवला आणि मग सामना सांगितला. ऑस्ट्रेलियावाले आधी पुढे होते, मग कसे मागे पडले. त्यांच्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूने मैदानाच्या कडेवर चेंडू वाचवायला म्हणून आत भिरकावला आणि तो नेमका न्यूझीलंडच्या हातात कसा गेला. सांगताना तो भिंतीकडे बघत होता. "कोच, सकाळी दुकानात गेलो," तो म्हणाला. "गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, हॅव अ ग्रेट डे. या अख्ख्या देशात कुणाला माहीतच नाही की काही घडलंय."

त्याच संध्याकाळी अमोलची सुट्टी कॅन्सल झाली. त्या वर्षी त्याच्या ऑफिसात रोज कुणाची तरी खुर्ची रिकामी होत होती, रजा लावून धरायची कुणाची हिंमत नव्हती. विमानं भरलेली. सुमनला फोनवर कसं सांगायचं, या विचारात आम्ही बसलो होतो, तेवढ्यात ग्रेग वाडगा परत द्यायला आला. धुतलेल्या वाडग्यात त्याने चार सफरचंदं ठेवली होती. त्याने अडचण ऐकली.

"मी उद्या गाडीने जॉर्जियाला चाललोय," तो म्हणाला. "अल्फारेटा वाटेवरच आहे. कोचला सोडतो."

इंडियाना, केंटकी

मंगळवारी सकाळी निघालो. अमोलने पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि त्याच्या लहानपणी आम्ही त्याला देत होतो तितक्या सूचना दिल्या. शिकागोचा पसारा संपला की इंडियाना सुरू होतं. कापून झालेल्या मक्याची शेतं, करडी, सपाट, नजर पोचेल तिथवर तशीच. एवढ्या शेतीत एकही माणूस वाकलेला दिसत नाही. बांधावर झाड नाही, झाडाखाली डबा खाणारं कुणी नाही. मला ते शेत वाटेचना.

ग्रेग तास दीड तास बोलला नाही. मग चटणी-पोळीची गुंडाळी खाल्ली, पाणी प्यायला, डोळे पुसले, आणखी एक मागितली. आणि मग आपणहून सांगायला लागला.

जॉर्जियात टामा नावाचा माणूस राहत होता. न्यूझीलंडचा, तिथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी. सोळा वर्षांपूर्वी दोघं ऑस्ट्रेलियात वेगवेगळ्या क्लबांकडून खेळत. टामा तेव्हा सव्वीस वर्षांचा, आणि पुढच्या महिन्यात न्यूझीलंडच्या संघात त्याची निवड होणार हे सगळ्यांना माहीत होतं. एका सामन्यात ग्रेगने त्याला पकडून उचललं आणि आपटलं. टामा मानेवर पडला. वाचला, चालू लागला, पण परत खेळला नाही. पुढे एका अमेरिकन मुलीशी लग्न करून इकडे आला.

"मी दवाखान्यात गेलो नाही," ग्रेग म्हणाला. "आज जाऊ, उद्या जाऊ. मग तो घरी गेला. मग वाटलं, आता कुठल्या तोंडाने जायचं. चौकशीत अपघात ठरला. सगळे म्हणाले, तो वेडावाकडा पडला."

"मग आत्ताच कसा काय?"

"शनिवारी ते जिंकल्यावर मला एकच माणूस आठवला. त्या जर्सीत तो असायला हवा होता कधीतरी. जुन्या मित्राकडून नंबर घेतला. म्हटलं, अभिनंदन. तो म्हणाला, सोळा वर्षांनी? फोनवर नको. गुरुवारी घरी ये."

केंटकीत या वाटेवर डोंगर नाहीत, पण जमीन लाटेसारखी वरखाली होते. पांढरी-काळी कुंपणं, त्यांत अंगावर झूल घातलेले घोडे. एका ढाब्यावजा ठिकाणी जेवायला थांबलो. मी 'बिस्किट' मागवलं. आलं ते मुठीएवढ्या पावासारखं, वर पांढऱ्या रश्शाचा थर. चव बरी होती, पण चहात बुडवायचं मी मनात ठरवलेलं राहिलं. वाढणाऱ्या वयस्कर बाईंनी ग्रेगचं बोलणं ऐकून विचारलं, "इंग्लंडहून आलात का?"

"ऑस्ट्रेलिया," ग्रेग म्हणाला.

"अरे वा! मग सुट्टीत मजा चाललीय."

"हो," तो म्हणाला, आणि ताटाकडे बघत राहिला.

तिथून निघालो आणि वीसेक मैलांवर मला आठवलं की माझी कानटोपी, सुमनने विणलेली, खुर्चीवरच राहिली. मी गप्प बसणार होतो. पण मी डोक्यावरून हात फिरवताना ग्रेगने पाहिलं आणि पुढच्या वळणावरून गाडी मागे फिरवली. चाळीस मैलांचा हेलपाटा एका टोपीसाठी. असल्या माणसाने एका तरुण पोराची मान मोडली होती, हे मला जुळवता येईना.

टेनेसी

रस्त्यालगतच्या एका साध्या मोटेलात मुक्काम केला. बुधवारी सकाळी नाश्त्याला 'ग्रिट्स' होते. मक्याच्या कण्या पाण्यात शिजवून वर लोणी. फोडणी द्यायची विसरलेलं उप्पीट समजा. मी उरलेली चटणी त्यात कालवली. शेजारच्या टेबलावरच्या ट्रकवाल्याने वाकून बघितलं आणि आपली ताटली पुढे केली. त्यालाही वाढली.

टेनेसीच्या दक्षिणेला खरा घाट लागतो. उताराच्या कडेला जागोजागी वर चढत जाणारे रेतीचे रस्ते केलेत. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकने त्यात घुसायचं, म्हणजे रेतीत रुतून थांबतो. आपल्या कुंभार्ली घाटात असं काही असतं तर, हा विचार आलाच.

घाट उतरताना ग्रेगने विचारलं, "कोच, तू कधी चुकीचा निर्णय दिलास?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. सांगलीत पंचाला शिव्या देतात, विचारत नाहीत.

"एकदा," मी म्हणालो. "माझ्याच शाळेच्या बाजूने. शिराळ्याच्या पोराचा पाय रेषेच्या आत होता. मी बाहेर दिला."

"चुकून?"

"आधी चुकून. शिट्टी वाजल्या वाजल्या मला कळलं होतं. मग बदलला नाही."

"कुणाला सांगितलंस?"

"तुला सांगतोय."

ग्रेगने मान हलवली.

अल्फारेटा

जॉर्जियात शिरलं की माती लाल होते. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी माती मातीच्या रंगाची दिसली. मंजिरीकडे पोचलो तेव्हा सुमन दारातच उभी होती. तीन आठवड्यांनी भेटत होतो. तिने पहिल्यांदा टोपीकडे बघितलं. मग ग्रेगला म्हणाली, "कम, कम, ईट." मोटेलात राहीन म्हणणाऱ्या ग्रेगला तिने हातवाऱ्यांनीच गप्प केलं आणि तो पाहुण्यांच्या खोलीत राहिला. आम्ही मंजिरीच्या मैत्रिणींनी आणलेला मसालेभात खाल्ला. वाढताना त्या सगळ्या मला काका आणि सुमनला काकू म्हणत होत्या. एकीच्या मुलीने ग्रेगला विचारलं, "आर यू अ जायंट?" तो प्रवासात पहिल्यांदा मोकळा हसला.

गुरुवारी सकाळी तो अंगणात गाडीजवळ उभा होता. किल्ली हातात, पण बसत नव्हता. मी बाहेर गेलो.

"कोच, येतोस का बरोबर?"

तीन आठवड्यांनी आम्ही दोघं एका छताखाली आलो होतो, सणाचा दिवस होता. मी सुमनला विचारायला आत गेलो. तिला मी रात्रीच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "जा. त्याला एकट्याला पाठवू नका."

सरोवराकाठी

टामाचं घर तासाभराच्या अंतरावर, उत्तरेकडच्या टेकड्यांत, एका मोठ्या सरोवराच्या काठी होतं. तो होड्या दुरुस्त करतो. अंगणात एक होडी पालथी घातलेली, तिच्या पोटाचा रंग खरवडलेला. टामा दारात आला. उंच, केस पांढरे झालेले. आमच्याकडे बघायला तो खांद्यांसकट अख्खा वळला, कारण त्याची मान वळत नाही. बायको-मुलं सासूबाईंकडे जेवायला गेली होती. घरात आम्ही तिघंच.

ग्रेगने हात पुढे केला. टामाने तो हातात घेतला आणि सोडला. "हा कोण?" त्याने मला दाखवून विचारलं.

"माझा शेजारी. भारतातून आलाय. कबड्डीचा कोच आहे, पंचही."

"पंच?" टामा म्हणाला. "कबड्डी मी पाहिलीय. त्यातही माणसाला धरून पाडतात ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग बरं झालं आलात. बसा."

त्याने कपाटातून एक व्हिडिओ कॅसेट काढली. टीव्हीखाली जुना व्हीसीआर होता. ग्रेगचा चेहरा उतरला. टामा मला म्हणाला, "ही त्या दिवसाची टेप आहे. माझ्या बाजूचे लोक म्हणाले, त्याने मुद्दाम केलं. त्याच्या बाजूचे म्हणाले, मी वेडावाकडा पडलो. तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. बघा आणि सांगा."

मी ग्रेगकडे पाहिलं. या माणसाच्या गाडीत बसून मी आलो होतो. त्याने माझ्या टोपीसाठी गाडी फिरवली होती. ग्रेग म्हणाला, "बघ, कोच. जे दिसेल ते सांग."

टेप सुरू झाली. चित्र फिकट, मधे मधे रेघा. टामा चेंडू घेऊन येतो. काय पळायचा! आमच्याकडे असा चढाईपटू असता तर मी त्याला घरी ठेवून घेतला असता. दोघं त्याला धरतात. एक मागून कमरेला, आणि ग्रेग समोरून, खाली वाकून. ग्रेग उचलतो. टामाचे पाय वर जातात. आणि मग तो खाली येतो. टामा खिडकीबाहेर बघत होता. त्याला टेप पाठ असणार.

मी पुन्हा लावायला सांगितली. मग तिसऱ्यांदा, सावकाश. पंच म्हणून मला हातांकडे बघायची सवय आहे. तोंडं काहीही दाखवतात, हात खरं सांगतात. मागून धरणाऱ्याचा हात टामाचे पाय वर गेल्याबरोबर उघडला. धोका कळून त्याने सोडलं होतं. ग्रेगचे हात मी चौथ्यांदा पाहिले.

खोलीत ओव्हनच्या पंख्याचा तेवढा आवाज होता. मी सरळ ग्रेगकडेच बघून बोललो.

"मान मोडायचा विचार नव्हता, हे दिसतं. तू त्याच्या डोक्याकडे बघतही नाहीस. पण दुसऱ्याने सोडलं, तेव्हा तुलाही सोडायला वेळ होता. तू सोडलं नाहीस. तू पुन्हा आवळलंस."

ग्रेग गुडघ्यांवर कोपर टेकून बसला होता. त्याने वर पाहिलं.

"हो," तो टामाला म्हणाला. "त्या दिवशी तीन वेळा तू मला चकवून गेला होतास. लोक हसत होते. मला तुला आपटायचं होतं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं. पण आपटायचं होतं. चौकशीत मी म्हणालो, हात निसटला. निसटला नव्हता."

टामा उठला आणि स्वयंपाकघरात गेला. ओव्हन उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज आला. नळ सुरू झाला, बराच वेळ चालू राहिला. परत आला तेव्हा तो उभाच राहिला.

"सोळा वर्षं मी टेप बघतोय," तो म्हणाला. "शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, मी नीट पडलो असतो तर. घरी सगळे म्हणायचे, सोड आता, तुझंच पाऊल चुकलं असेल. मी नीटच पडत होतो."

"नीटच पडत होतास," ग्रेग म्हणाला. "चूक माझी."

मला वाटलं होतं, आता गळाभेट होईल, नाहीतर मारामारी. दोन्ही झालं नाही. टामा म्हणाला, "मटण करपेल," आणि आम्ही जेवायला बसलो. बकऱ्याचा खांदा, बरोबर भाजलेली रताळी. मटण असं मऊ की हाडापासून आपोआप सुटत होतं. रस्सा नव्हता, तेवढीच उणीव. बोलणं होड्यांबद्दल झालं, सरोवराचं पाणी त्या वर्षी दुष्काळाने किती खाली गेलंय याबद्दल झालं. काठाच्या लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला खिडकीतून दिसत होता. दुष्काळ म्हटल्यावर मलाही बोलण्यासारखं बरंच होतं.

जेवण झाल्यावर टामाने विचारलं, "शनिवारी सामना शेवटपर्यंत बघितलास का?"

"नाही. दहा मिनिटं राहिली असताना टीव्ही बंद केला," ग्रेग म्हणाला.

"मी रेकॉर्ड केलाय. ती दहा मिनिटं बघ."

ग्रेगने ती बघितली. शिट्टी वाजली, काळ्या जर्सीतले लोक मैदानावर एकमेकांच्या अंगावर पडून रडायला लागले, तरी त्याने नजर काढली नाही. मी टामाकडे बघत होतो. तो ओठ मिटून बसला होता, आणि त्याच्या मांडीवरची बोटं हलत होती, स्वतःच चेंडू धरल्यासारखी. "चांगले खेळले तुमचे," ग्रेग शेवटी म्हणाला. "हो," टामा म्हणाला.

उजेड असतानाच आम्ही निघालो. टामा गाडीपर्यंत आला. माझ्याशी त्याने दोन्ही हातांनी हात मिळवला. ग्रेगला फक्त म्हणाला, "उत्तरेकडे बर्फ सांगितलाय. सांभाळून जा." माफ केलं असं तो म्हणाला नाही. ग्रेगनेही माफी मागितली नाही. परतीच्या वाटेवर ग्रेगने एकदा गाडी कडेला घेतली, उतरून कुंपणाला टेकून उभा राहिला आणि थोड्या वेळाने येऊन पुन्हा चालवायला लागला.

शुक्रवारी सकाळी तो एकटाच नेपरव्हिलला निघाला. सुमनने त्याला डब्यात चटणी भरून दिली.

शनिवारी दुपारी आम्ही सगळे भाजी निवडत बसलो होतो. मंजिरीचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि गोंधळून माझ्याकडे दिला. "बाबा, कुणी टामा म्हणून आहेत."

मंजिरीचा नंबर मीच त्याला निघताना लिहून दिला होता, कधी अल्फारेटाला आलात तर या, म्हणून.

"कोच," टामा म्हणाला, "तो पोचला का? टीव्हीवर दाखवतायत, इंडियानात गाड्या घसरून पडल्यात."

"तू त्यालाच फोन कर की."

"नको," तो म्हणाला. "तुम्ही विचारा."

मी अमोलला फोन लावला. अमोल खिडकीशी गेला. "आहे बाबा. गाडी दारात आहे. तो बाहेर बर्फ काढतोय." मी टामाला उलट फोन केला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला.

"पोचला," मी म्हणालो.

पलीकडून त्याने श्वास सोडलेला मला ऐकू आला. "बरं झालं," टामा म्हणाला, आणि फोन ठेवला.